मामीच्या लुगड्यांच्या वाकळा

मामी गेल्यानंतर तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत सतरा लुगडी निघाली. अकरा इरकली, दोन यंत्रमागाची सुती आणि चार आहेरात आलेली पॉलिएस्टरची. या चारांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. वाटावीत तर घरात नऊवारी नेसणारं आता कोणी उरलेलं नाही, आणि सगळी बोहारणीच्या टोपलीत टाकायला कुणाचा हात धजेना. तेव्हा वाकळा शिवायचं ठरलं. सहा घरं, सहा वाकळा. पुण्या-मुंबईकडे जिला गोधडी म्हणतात, ती आमच्या माणदेशात वाकळ.

मामीच्या बाबतीत हे अगदी सरळ होतं, कारण तिच्या घराची मोजदादच वाकळांवर चालायची. किती माणसं मावतील हे ती खोल्यांवरून ठरवत नसे. खोल्या दोनच होत्या. "हातरूण हाय न्हवं, मग जागा हाय," एवढंच तिचं म्हणणं. अंथरुणं रचायच्या घडवंचीवर बावीस वाकळांची चळत असे आणि हिशेब ठरलेला: मोठ्या माणसाला दोन, खाली जाड आणि अंगावर हलकी, पोरं असली तर तिघांत दोन. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला, मे महिन्याच्या सुट्टीत आणि मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला, असे वर्षातून तीन वेळा घडवंचीचा तळ दिसायचा. पैकी मार्गशीर्ष अवघड. माणात दिवसा ऊन लागतं, पण पहाटेची थंडी बोचरी असते, आणि तेव्हा हलक्या वाकळेवर भागत नाही. १९८२ च्या गिरणी संपात परळहून दोन घरं तिच्याकडे आली. त्या वर्षी चळत चौदावरून बावीसवर गेली आणि मग बावीसच राहिली.

आता काम. यात चुका बऱ्याच झाल्या, त्या झाल्या तशा सांगते.

पहिली चूक लुगड्यांना हात लावण्याच्या आधीचीच. वर्षश्राद्ध होईपर्यंत ट्रंक उघडायची नाही, असं ठरलं. भावना बरोबर, कापडाच्या दृष्टीने मात्र चूक. इरकल्यांना खळ होती आणि खळ म्हणजे कसरीचं खाणं. वर्षभरानंतर दोन लुगड्यांच्या घडीवर चाळणीसारखी भोकं पडली होती आणि डांबराच्या गोळ्या जिथे कापडाला टेकल्या होत्या तिथे पिवळे डाग. कपडे ठेवायचेच असतील तर आधी खळ धुऊन काढा, कडक उन्हात वाळवा, जुन्या धोतरात बांधा, आणि गोळ्या फडक्याच्या पुरचुंडीत घालून कोपऱ्यात ठेवा. घडी दोन महिन्यांनी उलगडून वेगळ्या जागी मोडा, नाहीतर कापड घडीवरच विरतं.

मग निवड. लुगडं उन्हाकडे धरून बघायचं आणि दोन्ही अंगठ्यांत वीतभर कापड धरून हलका हिसका द्यायचा. आवाज न होता ताणलं गेलं तर ते वरच्या थराला चालतं. करकर झाली तर आत घालायचं. अंगठ्यातच फाटलं तर त्याचं पोतेरं. हे एका जागी करून भागत नाही, कारण नऊवारी सगळीकडे सारखी झिजत नाही. नेसण रोज तीच, म्हणून झीजही ठरल्या जागी. काष्ट्याचा भाग आणि बसतं अंग आधी जातं. निऱ्यांचा खालचा काठ टाचेशी घासून तुटतो. पदर बहुतेक बायकांचा शाबूत राहतो.

मामीचा नव्हता. तिच्या अकराही इरकल्यांचे पदर एकाच जागी, टोकापासून हातभर आत, विरलेले होते. चुलीवरचं भांडं उतरवायला ती फडकं शोधत बसत नसे, पदराची चौपदरी घडी करून कड धरायची. शिवाय पोरांची नाकं, ताटाची कड, पाहुण्याला बसायला द्यायचं पोतं झटकणं, सगळं पदरानंच. उन्हाकडे धरलं की ती जागा जाळीसारखी दिसे, आणि भोवती ठिणग्यांची बारीक, काळ्या कडेची भोकं. एका पदरावर मोजली तर एकतीस भरली. आम्ही ती रफू केली नाहीत.  तशीच राहू दिली.

धुणं. कोमट पाण्यात रात्रभर भिजत घातलं की खळ सुटते आणि सकाळी पाणी बुळबुळीत लागतं. ते ओतून पुन्हा दोन पाणी. साबण कमी, रिठ्याचं पाणी मिळालं तर उत्तम. रंग उतरतो का हे याच वेळी बघायचं. पांढरं सुती फडकं ओलं करून लुगड्यावर ठेवायचं आणि वरून गरम इस्त्री दाबायची. फडक्यावर रंग आला तर ते लुगडं पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगळंच धुवायचं. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग बसतो, असं सगळे सांगतात. उतरायचा रंग मिठाने थांबत नाही.

ही चाचणी आम्ही केली, पण अर्धीच. अंगाचं कापड तपासलं आणि पदर राहिला. इरकलीचं अंग सुती असलं तरी पदर रेशमाचा किंवा नकली रेशमाचा असतो, तांबडा, त्यावर पांढरी टोपतेनी, म्हणजे इरकलीच्या पदराची ठरलेली नक्षी. त्याचा रंग वेगळा, रंगवणूकही वेगळी. दुसऱ्या वाकळेला आम्ही हौसेने मधोमध पदर लावला आणि पहिल्याच धुण्यात तांबडा रंग खालच्या हिरव्या चौकडीत उतरला. ती वाकळ आता एका बाजूने विटकरी आहे. वापरात आहे, पण चूक डोळ्यांसमोर राहिली.

कापायची पद्धत साधी: कात्री फक्त सुरुवातीला, पुढे फाडायचं. फाडलेलं कापड धाग्याच्या रेषेत सरळ जातं, कात्रीने कापलेलं तिरकं जातं आणि तिरका थर शिवताना पिळतो. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. पदराचा पाऊण मीटर बाजूला काढला की सात-सात फुटांचे तीन तुकडे निघतात आणि वर मीटरभर उरतो. हातमागाच्या इरकलीत अंगाचा सुती ताणा (उभे धागे) आणि पदराचा ताणा फासे घालून जोडलेला असतो, त्याला कोंडी म्हणतात. ती रेघ बोटांना लागते. तिच्या अलीकडे दोन बोटं सोडून फाडायचं, कोंडीवरच फाडलं तर फासे सुटून जाळी होते.

तेरा सुती लुगड्यांतून एकोणचाळीस तुकडे आले. नऊ बाद झाले. तीस उरले, म्हणजे सहा वाकळा, प्रत्येकीला पाच थर. चार थरांची ती चौघडी, उन्हाळ्याची. पाचांवर थंडी भागते. सहाव्या थराला सुई अडायला लागते आणि सातव्याला बोटं सुजतात. अंथरायच्या वाकळा मामी सात-आठ थरांच्या करायची, पण त्यासाठी तिच्याकडे एक जाड सुई होती, दाभणापेक्षा बारीक आणि बाजारातल्या सुईपेक्षा लांब. ती सापडली नाही. आम्ही बाजारातली लांब नेढ्याची सुई घेतली, आणि बोटात घालायचं अंगुस्तान. अंगुस्तानाशिवाय या कामाला बसूच नये.

वरच्या आणि खालच्या थराला चांगले तुकडे, काठासकट. आतल्या तीन थरांचे काठ फाडून टाकायचे, म्हणजे कड जाड होत नाही आणि बाहेरचे काठ आत दुमडायला जागा राहते. आतल्या थरांत जोड चालतो, मात्र दोन थरांचे जोड एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. तिथे गाठोडं होतं आणि झोपणाऱ्याच्या बरगडीला टोचतं. सगळ्या थरांचा उभा धागा एकाच दिशेला. आणि नवं कापड आत अजिबात नको. वापरलेलं लुगडं आटायचं तेवढं आटून चुकलेलं असतं. नवी मांजरपाट स्वस्त आणि मजबूत म्हणून आत घातली तर पहिल्या धुण्यात ती आटते, बाकीचे थर आटत नाहीत आणि वाकळ पापडासारखी वेडीवाकडी होते. आहेरातल्या पॉलिएस्टरच्या साड्या आम्ही याच कारणाने बाहेर ठेवल्या. ते कापड सरकतं, घाम पीत नाही, सुईखाली एका ओळीत बोटभर पुढे गेलेलं असतं आणि शेवटी कोपऱ्यात चुण्यांचा गठ्ठा जमतो. मामी आहेराच्या साड्या नेसत नसे, पुढच्या बारशा-लग्नात दुसऱ्याच्या ओटीत घालायची. या चार राहून गेलेल्या. त्या गावातल्याच दोन लग्नांत गेल्या.

मांडणीला सारवलेली जमीन हवी होती. ती आता नाही, फरशी आहे आणि फरशीवर कापड घसरतं. उपाय म्हणून खाली सतरंजी घातली, खालच्या थराचे चार कोपरे ताणून त्यावर वरवंटा, दोन विटा आणि पाण्याने भरलेली कळशी ठेवली. प्रत्येक थरावर हाताने पाणी शिंपडायचं. ओलसर थर एकमेकांना धरून बसतात. तळहाताने मधून कडेकडे सारत जायचं. नंतर कच्चे टाके. तेही मधूनच: आधी मधोमध अधिक चिन्हासारख्या दोन रेघा, मग वीत-वीत अंतराने बाहेर. पहिली वाकळ आम्ही कडेने टाचत आत आलो आणि मधोमध परातीएवढा फुगा उभा राहिला. तो शिवताना जिरेल अशी आशा होती. जिरला नाही, सगळं उसवावं लागलं. एक संध्याकाळ गेली.

कच्चे टाके नीट असतील तर पक्की शिवण मात्र कडेने आत जाते. एका कोपऱ्यातून धावदोरा सुरू करायचा, कडेने चौकोन पूर्ण करायचा, बोटभर आत सरकायचं, पुन्हा चौकोन, असं करत मधे यायचं. दोरा सुती, जाड, एकेरी. हातभरापेक्षा लांब घेतला तर गुंता होतो आणि कापडातून ओढून ओढून शेवटी तुटतो. गाठ थराच्या आत लपवायची, वर राहिली तर घर्षणाने सुटते. सुईवर चार-पाच टाके घेऊन मगच दोरा ओढायचा, आणि ओढल्यावर तळहाताने ओळ एकदा सपाट करायची. ही शेवटची गोष्ट कंटाळ्याने सुटते आणि तिथेच वाकळ आखडते.

दोघी समोरासमोर बसल्या की काम लवकर होतं, पण दोघींचा हात सारखा नसतो. एक दोरा खेचून घेते, दुसरी सैल सोडते आणि वाकळ पतंगासारखी तिरकी होते. यावर युक्ती म्हणजे दर चौकोनाला जागा बदलायची. मामी बहुतेक वाकळा एकटीने शिवायची, पण कुणी पाहुणी मदतीला बसली तर तिचे टाके कितीही लांब आले तरी उसवायची नाही. तिच्या जुन्या वाकळांवर ते ओळखू येतात: अर्ध्या इंचाच्या ओळींत मधेच तांदळाएवढ्याऐवजी शेंगदाण्याएवढे टाके, हातभर, मग पुन्हा तिचा हात.

तिचा हात कसा होता ते पट्टी ठेवून मोजलं. दोन ओळींत अर्धा इंच, इंचाला साडेतीन ते चार टाके. साडेसहा फूट बाय साडेतीन फुटांच्या वाकळेत त्या हिशेबाने साडेपाचशे फुटांच्या आसपास शिवण येते आणि टाके बावीस ते सव्वीस हजार. आमच्या ओळी पाऊण इंचावर, म्हणजे शिवण साडेतीनशे फुटांच्या थोडी वर, दोरा सव्वाशे ते दीडशे मीटर. दोघींनी दुपारचे दोन-दोन तास बसून एका वाकळेला आठवडा लागला. अर्धा इंच धरला असता तर दहा-अकरा दिवस. आमचा धीर तेवढा पुरला नाही, आणि धुण्यात फरक कळला: पाऊण इंचाच्या ओळींत आतला विरलेला थर सरकून गोळा होतो, अर्ध्या इंचात होत नाही.

मशीनवर का नाही शिवलं, असं सगळ्यांनी विचारलं. गोधड्या मशीनवर शिवून देणारे आता शहरात ठिकठिकाणी आहेत, काम दिवसात होतं आणि पॉलिएस्टरला ते बरंही. पण मशीन इंचाला आठ-दहा टाके घालतं. विरलेल्या सुती कापडाला इतकी भोकं पडली की ते टपालाच्या तिकिटासारखं शिवणीवरच फाटतं. शिवाय वाकळ ताठ होते, अंगाला धरत नाही.

तिच्याच एका जुन्या वाकळेचा कोपरा फाटला होता म्हणून ती दुरुस्तीला उघडली. आत अख्खी दुसरी वाकळ निघाली. जुनी वाकळ न उसवता आत घालून वरून नवे थर चढवायचे, ही आपल्याकडची चालत आलेली रीत. त्या आतल्या वाकळेत मामाच्या धोतराचे दोन थर, पिठाच्या पिशवीचं कापड, त्यावरची अर्धवट पुसलेली निळी अक्षरं, आणि गिरणीतल्या फेंटचे, म्हणजे उरलेल्या कापडाचे, हातरुमालाएवढे बरेच तुकडे जोडून केलेला एक थर. संपाच्या वर्षातला तो. परळहून आलेल्यांनी ट्रंकेतून आणलेलं कापड तिने त्यांच्याच अंथरुणात घातलं होतं. आम्ही ते तसंच ठेवलं, वर एक थर देऊन कोपरा बंद केला.

कोपऱ्यांचं सांगायलाच हवं, कारण वाकळ आधी कोपऱ्यात जाते. माणूस झोपेत कोपराच ओढतो, उचलतानाही कोपराच धरतो. चारही कडा आत दुमडून झाल्यावर कोपऱ्यावर तळहाताएवढा दुहेरी तिकोनी तुकडा लावायचा, टाके जवळजवळ. त्यासाठी फाडून ठेवलेले काठ वापरले. काठाची वीण घट्ट असते. कडेला वेगळा गोट लावला तर दिसतं छान, पण गोट तिरक्या कापडाचा हवा, सरळ पट्टीचा गोट वळणावर चुणतो. आम्ही एकाच वाकळेला लावला. बाकी पाचांना काठच कड म्हणून ठेवले.

पहिलं धुणं शिवून महिनाभर वापरल्यावर. वाकळ वापराने बसते, मग पाण्यात थर सरकत नाहीत. मोठ्या घंगाळात किंवा टपात पायाने तुडवायची, ब्रश नको, पिळायची तर मुळीच नाही. घडी करून दाबून पाणी काढायचं. ओली वाकळ कोरडीच्या तिप्पट-चौपट जड होते, आणि दोरीवर टाकली तर तेवढं सगळं वजन दोरीखालच्या ओळीवर येऊन टाके तटातट तुटतात. गच्चीवर, कठड्यावर किंवा खाटेवर पसरून वाळवायची, दोन्ही बाजूंनी. मध्यावर हात ठेवून गार लागलं तर अजून ओली आहे. तशी घडी घातली की कुबट वास येतो, आणि तो नंतर कितीही ऊन दिलं तरी पूर्ण जात नाही. पुण्यातल्या घरी हेच झालं. फ्लॅटला ऊन येतं ते सकाळी दोन तास. त्यांनी आता वाकळ धुवायला गावी पाठवायची असं ठरवलंय, आणि मला तेच बरं वाटतं. आणखी एक, हवा काढून घट्ट करायच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सुती वाकळ महिनोन्महिने ठेवू नका. घड्या पक्क्या होतात आणि घडीवर धागा तुटतो.

सहापैकी पाच वाकळा घरोघर गेल्या. सहावी, ती विटकरी झालेली, गावच्या घडवंचीवर आहे. तिच्याखाली मामीची स्वतःची. पाहुण्याला ती कधी ठिगळाची वाकळ देत नसे. ठिगळं सगळी तिच्या वाकळेला. मोजली तर सत्तेचाळीस, त्यांतली निम्मी ठिगळावर ठिगळ. ती उघडायचा विचार होता, पण कुठल्या कडेने उसवावं तेच समजेना; पहिली कड सापडत नाही.

उरलेल्या मीटर-मीटरच्या तुकड्यांतून मऊ तेवढे निवडून दोन दुपटी केली, तीन थरांची, टाके बारीक, गाठी सगळ्या आत, कारण तान्ह्याच्या कातडीला गाठ लागते. एक दुपटं घरातल्या बाळंतिणीला गेलं. दुसरं घडवंचीवर, चळतीच्या सगळ्यात वर, हाताला पहिलं लागेल असं ठेवलंय.